सुजेची गोळी

आमच्या वाडीत गोळीला नाव नसतं, काम असतं. थंडीची गोळी, डोक्याची गोळी, भूक लागायची गोळी. ज्या गोळीमुळं मी आज आठवड्यातून दोनदा सांगलीला जाऊन रक्त धुऊन घेतो, तिला आम्ही सुजेची गोळी म्हणायचो. पाकिटावर तिचं इंग्रजी नाव छापलेलं असायचं. ते मी कधी पूर्ण वाचलं नाही. वाचता येत नव्हतं असं नाही, बारावीपर्यंत शिकलोय. गरज वाटली नाही.

हे लिहायला मला डायलिसिसच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. म्हणाल्या, "तुमच्या डोंगरातले पेशंट आमच्याकडं फार उशिरा येतात. आमचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील." ऐकतील की नाही ते मला माहीत नाही. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. पण माझ्याच घरातल्या आणखी एका माणसाचं व्हायचं बाकी आहे. ते टळलं तर टळावं, म्हणून लिहितोय.

किटलीची कडी

वाडी शिराळा तालुक्यात, पश्चिमेच्या डोंगराच्या पोटाला आहे. एसटी खालच्या फाट्यापर्यंत येते. पावसाळ्यात येईल तेव्हा खरी. नर्सबाई आठवड्यातून एकदा चढून येतात. डॉक्टरला दाखवायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाणाऱ्या बाईला गुडघ्यासाठी दिवस मोडणं जमत नाही.

मी दुधाची गाडी चालवायचो. सकाळी वाड्यांवरून किटल्या गोळा करायच्या, खाली शीतकेंद्रावर दूध घालायचं, दुपारी रिकाम्या किटल्या घेऊन वर यायचं. आमच्या बोलण्यात तालुका, बाजार, कोर्ट, दवाखाना या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, 'खाली'. आणि एक रीत आहे. खाली जाणाऱ्याला कुणीही काम सांगावं, त्यानं नाही म्हणू नये. "सर्जा, खाली चाललायस न्हवं?" एवढं कुणी म्हटलं की थांबायचं आणि पुढचं ऐकून घ्यायचं. जो नाही म्हणतो तो गावात राहतो, पण गावाचा राहत नाही.

नंतर नंतर विचारायचीही गरज उरली नाही. ज्याला गोळी पाहिजे तो संपलेल्या पाकिटाचा तुकडा गुंडाळून किटलीच्या कडीत अडकवायचा. मी तो काढून खिशात टाकायचो आणि खाली मेडिकलवाल्याच्या काचेवर सगळे तुकडे ओतायचो. पाकिटं आधीच कात्रीनं कापून थोड्या थोड्या गोळ्या घेतलेल्या, त्यामुळं तुकड्यावर नाव अर्धं असायचं किंवा नसायचंच. मेडिकलवाला रंग बघायचा, चकाकी बघायचा, आणि गोळ्या कापून द्यायचा. दुपारी त्या ज्याच्या त्याच्या किटलीच्या झाकणाखाली. मेडिकलवाल्याला मी दोष देत नाही. त्यानं दारात येऊन कुणाला गोळी दिली नाही. दारात मी दिली.

मला त्याचा अभिमान वाटायचा. कुणाच्या घरात काय दुखतंय हे मला कडीवरून कळायचं. लोक म्हणायचे, सर्जेराव हाय म्हणून चाललंय.

सुजेची गोळी मी पहिल्यांदा आणली ती आक्कासाठी. आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला आक्कानंच वाढवलं. नवरा वारल्यावर ती परत वाडीला आली, माझ्या शेजारीच घर बांधून राहिली, एक म्हैस सांभाळते. गुडघे सुजून तिला उकिडवं बसता येईना, धार काढता येईना. गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती अंगणात येऊन मला पाय आपटून दाखवायला लागली.

"सर्जा, बघ की रं! पाय दुसऱ्या कुणाचं तरी लावल्यागत वाटतंय!"

त्यानंतर तिच्या कडीत तुकडा नाही असा आठवडा गेला नाही. गाडीच्या दणक्यांनी माझी कंबर धरायची. मीही तिच्यातलीच एक घ्यायला लागलो. रोज. किती वर्षं, ते मोजलेलं नाही.

अंगात आलंय गड्या

मग माझे पाय सुजायला लागले. सकाळी पापण्या जड व्हायच्या. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतून वळ उठायचे. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आधी त्याची गंमत वाटली. शीतकेंद्रावरचा मापाडी तर सगळ्यांसमोर म्हणाला, "सर्जेराव, लय अंगात आलंय गड्या! किटलीवरची साय कोण खातंय ते आज कळलं." सगळे हसले. मीही हसलो.

आक्कानं पाय बघितले आणि म्हणाली, "सूज आलीया. मग सुजेची गोळी हाय की घरात. एकीनं भागंना तर दोन घे."

आता हे वाचताना कुणालाही वाटेल की हा माणूस खुळा आहे. पण त्या दिवशी यापेक्षा सरळ बोलणं दुसरं नव्हतं. सूज आहे, सुजेची गोळी आहे. मी सकाळी एक आणि रात्री एक सुरू केली. सूज वाढली तेव्हा वाटलं, गोळी कमी पडतेय.

तो दिवस

फाट्याच्या वळणावर गाडी थांबवून मी उलटी केली. मग दम लागला आणि दम खाली बसेना. मागून येणाऱ्या जीपवाल्यानं मला उचललं. बायको मंगलला निरोप गेला, ती तशीच घरातल्या लुगड्यावर आली. तालुक्यातून इस्लामपूर, तिथून सांगली. प्रत्येक ठिकाणी आधी रक्त काढायचे, मग कागद बघायचे आणि पुढं पाठवायचे.

सांगलीच्या दवाखान्यात मॅडमनी विचारलं, "काही गोळ्या सुरू आहेत?"

मी म्हणालो, "न्हाई. मला कसला आजार नव्हता."

मंगल म्हणाली, "आवं, ती सुजेची हाय की."

मी खिशात हात घातला. खिशात सकाळी कड्यांतून काढलेले सगळे तुकडे होते, गावातल्या सगळ्यांचे. ते मी टेबलावर ठेवले. त्यातला माझा कुठला आणि आक्काचा कुठला, मला सांगता येईना. मॅडमनी ते तुकडे एकेक करून उलटून बघितले. मग अर्ध्या नावावरून ओळखून त्यांनी एक उचलला आणि पूर्ण नाव मोठ्यानं म्हटलं. इतक्या वर्षांत त्या गोळीचं नाव मी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

"सर्जेराव, ही सांधे सुजतात त्यासाठी असते. तीही डॉक्टरनं सांगितली तर, आणि थोडे दिवस. तुमची सूज सांध्याची नव्हती. किडनी थकली होती, अंगातलं पाणी बाहेर टाकत नव्हती. आणि जी गोळी किडनीला थकवत होती, तीच तुम्ही दुप्पट केलीत."

"म्हणजे सूज वेगळी हुती?"

"वेगळी होती."

दोन्ही किडन्या गेल्या आहेत, परत यायच्या नाहीत, असं त्यांनी पुढं सांगितलं. मंगल भिंतीला टेकून खाली बसली. मला काहीच वाटलं नाही. खरंच सांगतो. मला एवढंच आठवलं की गाडी वळणावर उन्हात उभी आहे आणि दूध नासलं असेल. मी मंगलला म्हणालो, केंद्रावर फोन करायला सांग कुणाला तरी. ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी कुणी तिसराच माणूस आहे.

ते सुन्नपण अजून पूर्ण गेलेलं नाही. लोकांना वाटतं मी धीराचा आहे. तसं नाही. कुठंतरी दाबलेला अंगठा तसाच राहिलाय, खड्डा भरून येत नाही, एवढंच.

मशीन

ज्यांना नुकतंच सांगितलंय की डायलिसिस करावं लागेल, त्यांच्यासाठी एवढं लिहितो. दुखतं ते सुई घालताना. हातात शिरा जोडून एक फुगवटा करतात, त्यावर बोट ठेवलं की आत मोटार चालल्यासारखी थरथर लागते. पहिले काही दिवस मी त्या हाताकडं बघत नव्हतो. आता झोपताना तो कानाखाली घेतो. थरथर ऐकू आली की उद्याचं जमेल एवढं कळतं.

गेल्यावर आधी वजनकाट्यावर उभं करतात. गेल्या खेपेपासून किती पाणी प्यालो ते काटा सांगतो, तिथं खोटं बोलता येत नाही. तहान हा सगळ्यात मोठा त्रास. वेलदोड्याचं टरफल तोंडात धरायचं, चूळ भरायची, थुंकायची. मग मशीनला जोडतात, आणि छताकडं बघत पडून राहायचं. उठल्यावर अंग पिळून काढल्यासारखं होतं.

शेजारच्या खाटेवर माधवनगरचे अण्णा असतात. उमेदीची सगळी वर्षं सूतगिरणीत घालवलेला माणूस. पहिल्या दिवशी मी गप्प पडून होतो तेव्हा त्यांनीच सुरुवात केली.

"पाव्हणं, कुठलं?"

"शिराळ्याकडचा."

"पयल्यांदा?"

"व्हय."

"घाबरायचं न्हाई. मी जल्मभर मशीन चालिवलं. आता मशीन मला चालिवतंय. हिशोब फिटला." मग थोड्या वेळानं म्हणाले, "फकस्त हितं संप करता येत न्हाई बगा."

मी हसलो. आजार कळल्यापासून पहिल्यांदा. त्या हसण्याचे उपकार मी विसरणार नाही. अण्णा नसतात त्या दिवशी मी नर्सला काही विचारत नाही. पुढच्या खेपेला ते दिसले की बरं वाटतं.

मंगल आणि आक्का

घरात मात्र कुणी हसत नव्हतं. मंगलनं आक्काशी बोलणं टाकलं. एकदा भांडी घासता घासता ती मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "दोन घे म्हणणारी आरामात बसलीया, आन् सुई ह्यास्नी."

मी म्हणालो, "आणणारा मीच हुतो."

"व्हय, तुमीच. आख्ख्या गावाचं डाक्टर झाल्ता की." मग तिनं माझी अळणी भाजी ताटात वाढली आणि आपल्या ताटात मीठ न घालता तीच खाल्ली. मंगलचं रागावणं असं असतं.

मॅडमनी सांगितलं होतं, घरातल्या कुणी किडनी दिली तर मशीन सुटेल. मंगल लगेच तयार झाली, पण तिला साखरेचा आजार निघाला. ती त्या दिवशी वाटेत एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली. घरी आलो तर आक्का आमच्या उंबऱ्यावर येऊन थांबलेली.

"माझी घ्या," ती म्हणाली. "मला दोन हायत. एकट्या बाईला दोन कशाला लागत्यात?"

मंगल आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. कित्येक दिवसांनी तिनं आक्काच्या हातात काहीतरी दिलं.

त्या रात्री मी पहिल्यांदा पुढचा विचार केला. पुन्हा गाडीवर बसेन. पोटभर पाणी पिईन. उन्हाळ्यात झऱ्यावर तोंड लावून पिईन. लाज वाटते सांगायला, पण आक्काचं काय होईल हे माझ्या मनात आलंच नाही.

तपासायला निघालो तेव्हा आक्कानं नवीन चपला घातल्या होत्या. सांगलीच्या दवाखान्यात बाकावर बसल्यावर तिनं त्या काढून ठेवल्या. मी खाली बघितलं. पट्ट्याचा वळ उठला होता. खोल.

मी वाकलो आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला.

"काय करतूयास रं? गुदगुल्या हुत्यात."

अंगठा काढला. खड्डा तसाच राहिला. मी तो भरून यायची वाट बघत बसलो. आक्का शेजारच्या बाईला सांगत होती की हा माझा धाकटा भाऊ, ह्याला मी अंगाखांद्यावर खेळवलाय. रिपोर्ट येण्याआधीच मला त्या खड्ड्यावरून कळलं होतं.

मॅडमनी कागद वाचले आणि आक्काला विचारलं, "आजी, तुम्ही काय गोळ्या घेता?"

आक्का ताठ बसली. तिला वाटलं तिची परीक्षा आहे आणि उत्तर येतंय.

"सुजेची घेती. रोज. आमचा सर्जा आणून देतो खालनं. एक दीस चुकिवला न्हाई पोरानं."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. ते त्यांचे उपकार. त्यांनी आक्काचाच हात हातात घेतला आणि हळू सांगितलं, किडनी द्यायचं राहू दे, तुमच्याच जपायच्या आहेत. अर्ध्याच काम करतायत. आज ती गोळी बंद केली तर आहे तेवढं टिकेल. नाही केली तर भावाशेजारच्या खाटेवर यावं लागेल.

"म्हंजे सर्जाला चालायची न्हाई माझी?" आक्कानं विचारलं. तिला तेवढंच ऐकू आलं होतं.

येताना एसटीत ती रडली. मला रडू आलं नाही. मी तिची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. फाट्यावर उतरल्यावर ती म्हणाली, "चढ लय हाय रं. एक गोळी दे की आजच्यापुरती." आणि मी खिशात हात घातला. सवयीनं. खिसा रिकामा होता म्हणून, नाहीतर दिली असती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहून टाकलं.

आजचं गुडघं

माझी गाडी आता दुसरा चालवतो. चांगला माणूस आहे, कुणाला नाही म्हणत नाही. एका सकाळी मी दूध गोळा होतं तिथं जाऊन उभा राहिलो. सगळ्या कड्यांत तुकडे होते, पूर्वीसारखेच. मी बाही वर केली, हात दाखवला, सगळं सांगितलं. सूज दोन प्रकारची असते हे सांगितलं. पायावर अंगठा दाबून बघा म्हणालो. बायकांनी थरथरीवर बोट ठेवून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

मग रोज भांगलायला जाणारी भागाकाकू म्हणाली, "सर्जा, तू म्हणतूयास ते खरं असंल. पण उद्याची किडनी उद्या बघू. आजचं गुडघं कोण सांभाळायचं? तू येणार हायस काय माझी पात भांगलायला?"

दोघीतिघींनी कडीतला तुकडा काढून घेतला. भागाकाकूनं नाही काढला.

म्हणून मी उपदेश करत नाही. इतकंच सांगतो की गोळी कापून घ्याल तर नाव असलेला तुकडा जपून ठेवा. डॉक्टरनं काय घेता विचारलं तर 'काही नाही' म्हणू नका, मेडिकलमधली गोळीही गोळीच असते. आणि पायात खड्डा पडला तर त्या दिवशी दिवस मोडा. मी मोडला नाही, म्हणून आता आठवड्यातले दोन कायमचे मोडतात.

खाली चाललायस न्हवं

आक्काला मॅडमनी दुसरी औषधं दिली. लावायचं मलम, शेकायला सांगितलं, पायाचे व्यायाम शिकवले. दुखण्यासाठी एक सौम्य गोळी, तीही मोजून. आक्का म्हणायची, "ही गोळी हाय का बत्तासा? कायबी हुईना हिनं." धार काढताना ती ओरडायची ते आमच्या घरात ऐकू यायचं. मंगल उठून जायची आणि धार काढून यायची.

एक दिवस सकाळी दुधाची गाडी यायच्या आधी मी बाहेर आलो. आक्काची किटली कट्ट्यावर ठेवली होती. कडीत तुकडा होता, घट्ट गुंडाळलेला. तिनं तो कुठं जपून ठेवला होता कुणास ठाऊक.

मी तो काढला. जन्मभर कड्यांतून तुकडे काढत आलो, पण न आणण्यासाठी काढलेला हा पहिलाच. मागं वळलो तर आक्का दारात उभी होती, चौकट धरून.

"तूच लावलीस की सवय," ती म्हणाली. "आता तूच काढतूयास व्हय?"

"व्हय."

"मग माझं पाय तुझ्या घरात आणून ठिवू का?"

मी आत गेलो. तुकडा चुलीत टाकला. तो जळत नाही, नुसता आकसतो. त्यानंतर आक्का माझ्याशी बोलायची थांबली. मी वाटेनं दिसलो की म्हशीशी बोलायची. "भाऊ असावा तर असा, व्हय गं?" असं म्हशीला विचारायची.

मला वाईट वाटत नव्हतं. चांगलंही वाटत नव्हतं. मी फक्त रोज सकाळी कडी बघायचो. आधी दुसऱ्यांसाठी बघायचो, तशीच. रिकामी असली की घरात यायचो. तिनं ड्रायव्हरच्या हातात तुकडा दिला असता तर मला कळलंही नसतं. मंगल म्हणायची, किती दिवस राखण करणार? मी म्हणायचो, माहीत नाही.

मागच्या आठवड्यात डायलिसिसला निघालो होतो. मंगलनं डबा दिला. फाट्याकडं वळणार तोवर आक्का आली. एका हातात काठी, दुसरा भिंतीला. दारापासून वाटेपर्यंतचं एवढंसं अंतर, पण तिला घाम आला होता. तिच्या पायांकडं बघितलं. सूज थोडी उतरल्यासारखी वाटली, किंवा मला तसं बघायचं होतं.

"सर्जा," ती म्हणाली. "खाली चाललायस न्हवं?"

ते शब्द ऐकले आणि माझा हात आपोआप पुढं झाला, तळवा वर करून. इतक्या वर्षांची सवय. आता ती तुकडा ठेवणार आणि मला नाही म्हणावं लागणार, रस्त्यात, लोकांसमोर.

"व्हय," मी म्हणालो.

तिनं माझी बोटं एकेक करून मिटवली. मूठ रिकामी होती. ती तिनं थोडा वेळ आपल्या हातात तशीच धरून ठेवली.

"जा मग," ती म्हणाली. "काय आणू नगंस."